पहिला उद्गार अक्काला दिला

पिंप्राळ्यात कुलरचं गवत बदलायला सुरुवात झाली की समजायचं, आमच्या घरात उपवासकाळ आला. दुपारी स्कूटरचं हँडल धरायला रुमाल लागतो. गल्लीतल्या गच्च्यांवर जुन्या साड्या अंथरून कुरडया वाळत पडतात आणि कुणाची तरी सासू छत्री धरून कावळे हाकत बसते. आमच्या भिंतीवरच्या, चर्चच्या मंडळीनं छापलेल्या कॅलेंडरात जांभळ्या रंगाचे दिवस सुरू होतात. ऋतू जगात सहा असतील, जळगावात दोनच. उन्हाळा आणि उन्हाळ्याची तयारी.

या जांभळ्या दिवसांत ख्रिस्ती माणसानं आपल्या आवडीचं काहीतरी सोडायचं असतं. मी दर वर्षी काहीतरी सोडतो, आणि ते दर वर्षी पत्ता शोधत परत येतं. एकदा चहा सोडला. पहिल्याच आठवड्यात बायकोनं स्वतः कप आणून समोर आदळला. "उपास तुमचा आणि भोगायचं आम्ही. प्या मुकाट्यानं." एकदा मटण सोडलं, तर ईस्टरच्या रविवारी इतकं खाल्लं की सोमवारी डॉक्टरांपुढं जीभ बाहेर काढून बसावं लागलं. यंदा बायको म्हणाली, "खाण्यापिण्याचं राहू द्या. या वर्षी राग सोडून दाखवा."

मी पेपरात डोकं घातलं. कुठला राग, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ओल्या गवताचा वास आला की तो धुळ्याहून निघतो आणि थेट आमच्या दाराशी उतरतो. त्याला ना तिकीट लागतं, ना रिझर्व्हेशन.

तसं आमचं घराणं रागाचं नव्हे. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत आम्ही वाढलो. बाबा लोको शेडमध्ये फिटर. दुपारी डबा उघडला की ते डोळे मिटून प्रार्थना करायचे, आणि ती जरा लांबायची. नव्यानं आलेल्या माणसांना वाटायचं, रात्रपाळी करून आला असेल बिचारा, डुलकी लागली. पण शेजारी बसणारे शेखचाचा बाबांचे डोळे मिटलेले असेपर्यंत त्यांच्या डब्यावर पंज्याची सावली धरून बसायचे, कारण शेडमधले कावळे कुणाच्याच धर्माला जुमानत नसत. धर्म म्हणजे काय, यावर पुढं मी पुष्कळ प्रवचनं ऐकली, एक-दोन दिलीसुद्धा. पण तो डब्यावर धरलेला हात मला अजून कुणाच्या प्रवचनात सापडलेला नाही.

याच दिवसांत शेजारच्या पाटीलकाकूंकडं कुरडयांचा घाट असायचा. पहाटे चुलीवर गव्हाचा चीक रटरटायचा आणि त्याचा आंबूस, गरम वास भिंत ओलांडून आमच्या उपासात शिरायचा. काकू वाटीभर चीक, वर दूध-साखर घालून, कुंपणावरून पुढं करायच्या. आम्ही आईकडं बघायचो. आई आभाळाकडं बघायची, म्हणजे बहुधा वरून परवानगी मागायची, आणि म्हणायची, "शेजारणीचं मन मोडण्यापेक्षा उपास मोडलेला देवाला चालतो." देवाचं मत तिला नेहमी चटकन कळायचं.

आमचा विश्वास असा डब्यात, चुलीपाशी, नळाच्या रांगेत राहायचा. रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जायचा तो फक्त इस्त्रीचे कपडे घालून.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी प्रभुभोजन असे. त्याआधी ज्याच्याशी भांडण असेल त्याच्याकडं जाऊन मिटवून यायचं, हा आईचा कायदा. मी कॉलनीत बऱ्याच जणांशी भांडलेला असल्यामुळं माझा तो आठवडा फार धावपळीचा जायचा. माझी थोरली बहीण, अक्का, सोबत यायची. ती दारात उभी राहून माझ्या मानेवर हात ठेवायची. मी म्हणायचो, "सॉरी." ती म्हणायची, "आधी गोट्या परत दे. मग सॉरी म्हण." मला तेव्हा वाटायचं, ही फार कडक आहे. आता वाटतं, आख्ख्या मंडळीत क्षमेचा क्रम तिला एकटीलाच कळला होता.

आता तो शुक्रवार. बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं, की आमच्याकडं त्या दिवशी भर दुपारी, उन्हाच्या ऐन काहिलीत, लांबलचक उपासना असते. क्रूसावर असताना प्रभूनं सात वेळा तोंड उघडलं, म्हणून सात जणांनी उभं राहून त्या एकेका उद्गारावर बोलायचं. मधेमधे शोकाची गीतं. पत्र्याचं छत तापलेलं, पंखे गरम हवा ढवळताहेत, पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, पांढऱ्या साड्या, वर्तमानपत्राच्या घड्यांचे पंखे. कोणता उद्गार कोणाला द्यायचा हे पंचकमिटी ठरवते, आणि त्यावरून जे राजकारण होतं त्यापुढं नगरपालिकेची निवडणूक म्हणजे भातुकली. पहिला उद्गार सगळ्यांत मानाचा. खिळे ठोकणाऱ्यांसाठीच बापाजवळ क्षमा मागितली, तो. तो मंडळीतल्या वजनदार माणसाकडं जातो. आमच्या बाबांना कायम तहानेचा उद्गार मिळायचा, कारण तो सगळ्यांत छोटा आणि बाबा फिटर. मला एकदा मधला एक मिळाला होता. मी इतका रंगात येऊन बोललो, की माझ्यानंतरच्या वक्त्याला उभं राहून "आमेन" म्हणण्यापुरताच वेळ उरला. त्यानंतर कमिटीनं मला चटया घालण्याच्या सेवेत घेतलं.

तर काही वर्षांपूर्वी, अशाच कुलरच्या दिवसांत, धुळ्याहून अक्काचा फोन आला. अक्का लग्न होऊन धुळ्याला गेली, तिथंच बालवाडीच्या बाई म्हणून तिची नोकरी झाली, दाजी गेल्यावरही ती तिथंच राहिली. फोनवर म्हणाली, "मला पहिला उद्गार दिलाय."

मी ओरडलोच. आमच्या घराण्यात! पहिला! आणि तोही बाईमाणसाला! मी बायकोला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, वाण्याला सांगितलं. वाणी म्हणाला, "अभिनंदन, सर. म्हणजे काय असतं?" मग अक्काला परत फोन लावला. मी म्हटलं, "भाषणाची काळजी करू नको. मी लिहून आणतो." मंडळीत मला भाषण करू देत नाहीत, लिहायला कोण अडवणार? तीन मुद्दे काढले. क्षमेचं मूळ, क्षमेचं खोड, क्षमेचं फळ. खोडापाशी जरा अडलो, पण केळीच्या जिल्ह्यातला माणूस खोडावर किती वेळ अडेल? बुधवारी कागद खिशात घालून एस.टी.नं धुळ्याला निघालो. पारोळ्यापर्यंत उभा, पुढं खिडकीपाशी. खिडकीतून येणारा वारा तव्यावरून आल्यासारखा. रस्त्याकडेला निंबाला मोहर आलेला, आणि त्या कडू झाडाचा वास इतका गोड, की मला वाटलं, हे भाषणात घालता येईल.

दार करुणानं उघडलं. करुणा म्हणजे अक्काची एकुलती एक मुलगी. "या मामा," म्हणाली आणि माझी पिशवी डाव्या हातानं घेतली. उजवा हात तिनं ओढणीत धरला होता.

हिवाळ्यात ती सासरहून आली होती, मनगट प्लास्टरमध्ये. सासर गावातलंच. सासरे म्हणजे मंडळीचे सेक्रेटरी, सगळं गाव त्यांना नाना म्हणतं. नवरा देवळात हार्मोनियम वाजवतो, आणि फार गोड वाजवतो, हे सांगायलाच हवं. लग्नाच्या वेळी आम्ही त्याच्या बोटांवरच भाळलो होतो. बाहेर सांगितलं गेलं, की पोरगी बाथरूममध्ये घसरून पडली. आमच्या मंडळीत बाथरूमच्या फरश्या फार निसरड्या असाव्यात. दर एक-दोन वर्षांनी कुणाची तरी सून घसरते. सासू, सासरे आणि मुलगा मात्र त्याच फरशीवर वर्षानुवर्षं ताठ उभे.

हे सगळं मला माहीत होतं. तरी पहिला उद्गार अक्कालाच का, हे माझ्या शहाण्या डोक्यात शिरलं नव्हतं. ते शिरलं त्याच दिवशी संध्याकाळी, नाना आले तेव्हा. बरोबर मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, होते आणि एक भलंमोठं टरबूज होतं. टरबूज नानांनी टीपॉयवर ठेवलं, स्वतः खुर्चीत बसले, रुमालानं मान पुसली.

"अक्का, उन्हाळा भारी यंदा."

"दर वर्षी भारीच असतो, नाना."

"तयारी कशी काय? पहिला उद्गार म्हणजे मोठी जबाबदारी. कमिटीत दोघं-तिघं नको म्हणत होते. मी म्हटलं, नाही, अक्कालाच द्या. लोकांसमोर आईच्या तोंडून क्षमेचा शब्द आला, की आख्ख्या मंडळीला आशीर्वाद."

 आत करुणाच्या हातातला कप बशीवर वाजला.

"आणि रविवारी पुनरुत्थानाचा दिवस," नाना पुढं म्हणाले. "नवीन सुरुवात. उपासना झाली की पोरगी तिथूनच आपल्या घरी येईल. पोरगा बदललाय हो. परवा प्रार्थनेत रडला."

"रडला?" अक्का म्हणाली. "बरं झालं. आधी हीच रडत होती."

"प्रभूनं किती वेळा क्षमा करायला सांगितलंय, ते तुम्हाला मी सांगायचं? तुम्ही तर बाई आहात शाळेच्या. हो ना, पाळकसाहेब?"

पाळकसाहेब पंख्याकडं बघत होते. त्यांच्या डोळ्यांनी पंख्याबरोबर गोल फिरायला सुरुवात केली होती.

करुणा चहा घेऊन आली. ट्रे डाव्या हातावर तोललेला, उजव्या हाताची बोटं नुसती कडेला टेकवलेली. ती बोटं धड मिटत नव्हती. नाना म्हणाले, "बघा, आता काम करते की! बरा झाला हात."

मी उठलो. म्हणजे मला आठवतं तसं मी गर्जना करत उठलो. प्रत्यक्षात "नाना!" एवढंच म्हणालो, आणि माझ्या पँटचा खिसा प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या तुटक्या हाताला अडकला असल्यामुळं खुर्चीही माझ्याबरोबर उठली. संतापलेला मामा, मागं लटकलेली खुर्ची, आणि खिशातून डोकावणारे क्षमेचे तीन मुद्दे. करुणा फस्सकन हसली. कितीतरी महिन्यांनी. नाना गंभीरपणे म्हणाले, "बसा, बसा. राग हा सैतानाचा दरवाजा असतो." आणि मी बसलो, कारण खुर्ची आधीच तयार होती.

ते गेल्यावर टरबूज तसंच टीपॉयवर राहिलं. कुणी कापलं नाही. अक्कानं ते उचलून शेजारच्या गवळ्याच्या म्हशीपुढं ठेवलं. म्हशीचा कुणाशी वाद नव्हता. तिनं खाल्लं.

मला राग येतो तो मारणाऱ्याचा. तो तर येतोच. पण त्याहून जास्त राग येतो तो त्या टरबुजाचा. त्या हलक्या आवाजाचा. शास्त्रातला एक शब्द धुऊन-पुसून, त्यावर इस्त्री फिरवून, तो एका पोरीच्या तोंडात बोळ्यासारखा कोंबायचा, आणि वर म्हणायचं, बघा, किती शांत झाली! आमच्या शेजारच्या देशमुखांकडं पोरीला मारलं तेव्हा त्यांच्या माणसांनी तिला नशिबाचं नाव सांगितलं. आमच्या माणसांनी प्रभूचं सांगितलं. नशिबाला निदान नाव बदनाम होण्याची भीती नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर अक्का नागलीचे पापड घालत होती. मी तिला कागद दिले. तिनं ओले हात पदराला पुसून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले, बालवाडीतल्या पोराचं चित्र बघतात तसे.

"छान लिहिलंयस रे. तीन मुद्दे."

"आवडलं?"

"अक्षर आवडलं."

मग कागदांची घडी करून तिनं ती वाऱ्यानं उडणाऱ्या साडीच्या टोकाखाली ठेवली आणि वर वीट ठेवली. माझ्या साहित्याचा इतका थेट उपयोग पूर्वी कुणी केला नव्हता.

करुणा पापडांवरून उलट्या बोटांनी हात फिरवून किती वाळले ते बघत होती. अक्कानं तिच्याकडं न बघताच विचारलं, "करू, तुला काय वाटतं? माझं जाऊ दे. नानांचं जाऊ दे. तुला जायचंय का?"

करुणानं एक पापड उलटला. खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. मग ती म्हणाली, "मला माफ करायचंय, आई. खरंच करायचंय. इथं तुझ्यापाशी असले, की एखाद्या दिवशी जमतं. त्या दिवशी त्याचं नाव घेऊन प्रार्थना करते. दुसऱ्या दिवशी हात दुखला की पुन्हा जमत नाही. पण तिथं गेले ना, तर कधीच जमणार नाही. तिथं मी नुसती घाबरेन. घाबरणं म्हणजे माफ करणं नव्हे ना, मामा?"

 मामाचे सगळे मुद्दे विटेखाली होते.

शुक्रवारी देऊळ खच्चून भरलेलं. बातमी फुटली होती. शिरपूरपासून माणसं आली होती, जी एरवी नाताळालाच दिसतात. नाना पुढच्या बाकावर, पांढरा सदरा, हातात घडी घातलेला रुमाल. तो रुमाल कशासाठी, ते कळतच होतं. त्यांचा मुलगा हार्मोनियमपाशी. करुणा बायकांच्या बाजूला, माझ्या बायकोच्या शेजारी. बायको सकाळच्या पहिल्या गाडीनं येऊन थडकली होती. मला म्हणाली होती, "तुम्ही तिथं खुर्चीवर बसू नका. बाकावर बसा."

अक्का पुढं गेली. चष्मा लावला. समोर बसलेल्यांतली निम्मी तरुण मंडळी तिच्या हाताखालून गेलेली. ती म्हणाली, "बसलात का सगळे नीट?" आणि गायनमंडळातली मिशावाली पोरंसुद्धा पाठ ताठ करून बसली.

"प्रभूनं क्रूसावर पहिल्यांदा तोंड उघडलं ते दुसऱ्यांसाठी," अक्का म्हणाली. "खिळणाऱ्यांना क्षमा कर, असं बापाला म्हणाला. हे आपल्याला पाठ आहे. तुम्हा पोरांकडून मीच पाठ करून घेतलंय. आता मी एक विचारते, उत्तर येत असेल त्यानं हात वर करा. हातात खिळे असलेल्या त्या माणसाला कुणी असं म्हणालं का, की बरं झालं, क्षमा केलीस ना, मग आता उतर आणि हातोडीवाल्याच्या घरी जाऊन भाकरी थाप?"

वर्तमानपत्रांचे पंखे थांबले.

"तिसऱ्या दिवशी प्रभू उठला. उठल्यावर कुठं कुठं गेला, तेही तुम्हाला ठाऊक आहे. बागेत गेला. रस्त्यानं चाललेल्या दोघांबरोबर चालत गेला. दार लावून बसलेल्या दोस्तांकडं गेला. पाण्याच्या काठी गेला, विस्तव केला, मासे भाजले, खाऊ घातले. खिळायची शिक्षा देणाऱ्या पिलाताच्या वाड्यावर गेला नाही. त्या शिपायांच्या चौकीत गेला नाही. क्षमा त्यांना केलेली होती. पण गेला नाही."

नाना मोठ्यानं खोकले.

"होऊ द्या नाना, मी थांबते," अक्का म्हणाली, आणि खरोखरच थांबली. खोकला एकटा पडला आणि संपला.

"आणखी एक. जखमा त्यानं झाकल्या नाहीत. हात पुढं केले, म्हणाला, बघा. आपण काय म्हणतो? झाक बाई, मंडळीची अब्रू जाईल." तिनं चष्मा काढला. "माझी मुलगी क्षमा करेल. आज करेल, उद्या पुन्हा करावी लागेल, परवा जमणार नाही. ते तिचं आणि तिच्या देवाचं. पण ती त्या घरात परत जाणार नाही. हे मी घरी चहा पाजून सांगितलं असतं. तुम्ही मला इथं उभं केलंत, म्हणून इथं सांगितलं."

आणि येऊन खाली बसली. आमच्या मंडळीच्या इतिहासातलं सगळ्यांत छोटं भाषण.

आता पद्धत अशी, की उद्गार संपला की हार्मोनियमवर सूर निघायचा आणि शोकाचं गीत सुरू व्हायचं. सूर निघाला नाही. नानांच्या मुलाची बोटं पट्ट्यांवर होती, ती तशीच राहिली. त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं आणि सगळे त्याच्याकडंच बघत होते. पाळकसाहेबांनी घसा साफ केला, गीताची पाटी पाहिली, पुन्हा घसा साफ केला. पत्रा उन्हानं कडकड वाजला.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक चिरका, फाटका आवाज उठला. साक्रीकडच्या एका खेड्यातली म्हातारी, सगळे तिला जिजी म्हणतात. वाचता येत नाही, गीतं कानांनी शिकलेली. शांतता तिला सहन होईना, म्हणून तिनं तोंडाला आलं ते गीत धरलं. आणि तोंडाला आलं ते ईस्टरचं! कबर रिकामी झाली, दगड सरला, असं ठेक्यात म्हणायचं, टाळ्या वाजवून. उत्तम शुक्रवारी, प्रभू अजून क्रूसावर असताना, उरलेले उद्गार बाकी असताना! असली चूक आमच्या मंडळीत कुणी कधी केलेली नव्हती. पुरुषांच्या बाजूनं "श्शू, श्शू" सुरू झालं. पाळकसाहेबांनी हात वर केला. जिजीचे डोळे मिटलेले. तिला काय दिसणार?

मग माझ्या बायकोनं दुसरी ओळ उचलली. तिला सूर लागत नाही. लग्नानंतर मी ते पहिल्यांदाच बोलतोय. मग करुणानं. मग पलीकडच्या बाकावरच्या दोन सुना, ज्या कधीकाळी घसरून पडल्या होत्या. मग आख्खी बायकांची बाजू. हार्मोनियमशिवाय, ठेका एकीकडं आणि चाल एकीकडं. मी पुरुषांच्या बाकावरून तोंड उघडलं आणि शेजारच्यानं कोपर मारलं. मी तरी गायलो. चटया घालणाऱ्याला कोण काढणार?

उपासना संपल्यावर दारात गर्दी होती, पण अक्काच्या भोवती जागा रिकामी. लोक "सलाम" म्हणून लांबून सरकत होते. जिजी मात्र काठी टेकत आली, अक्काचे दोन्ही हात धरले.

"चुकनं व माय मनं," म्हणाली. "गाणं चुकनं."

"असू द्या जिजी."

"पन तू बठ्ठं खरं सांगं." तिनं अक्काचे हात सोडले नाहीत. "माले कोनीच सांगं नही व. मी परत गयी व्हती."

एवढंच. आणि उन्हात निघून गेली.

नाही, धुळं बदललं नाही. पुढच्या वर्षापासून पहिला उद्गार पुन्हा नानांकडं गेला. ते क्षमेवर फार सुंदर बोलतात, रुमाल काढतात, बायकांच्या बाजूला नाकं ओढल्याचे आवाज येतात. अक्काला पुन्हा कुणी पुढं बोलावलं नाही. हार्मोनियम तोच वाजवतो. करुणा जळगावात आली. मेहरूणला एका खोलीत राहते, मुलांच्या शिकवण्या घेते. तिच्याबद्दल कुणी विचारलं, की मंडळीतले सज्जन लोक मान एका बाजूला कलती करून म्हणतात, "हट्टी निघाली." तो "हट्टी" शब्द ऐकला की माझ्या छातीत अजून कुलरची मोटर सुरू होते. लोक म्हणतात, वय झालं की राग निवतो. माझे गुडघे निवले, भूक निवली, आवाजसुद्धा निवला. राग मात्र दर वर्षी नव्या गवतासारखा हिरवागार.

आणि तरी मी देवळात जातो. का जातो, असं आमचा मुलगा विचारतो. त्याला काय सांगणार? घर माझंही आहे. नानांनी ते विकत घेतलेलं नाही.

परवा दुपारी करुणाचा फोन आला. मागं मुलांचा पाढ्यांचा गलका.

"मामा, जेवलात?"

"उपास आहे."

"यंदा काय सोडलंत?"

"अजून ठरतंय."

ती हसली. मग म्हणाली, "मामा, एक काम कराल? काल मी त्याचं नाव घेऊन प्रार्थना केली. नीट झाली, मनापासून. आज सकाळपासून प्रयत्न करतेय, नाव तोंडातून निघत नाहीये. हात दुखतोय. आजच्या दिवस माझ्या बदली तुम्ही घ्याल?"

"मी?" मी म्हटलं. "अगं, मला तर काल पण आलं नसतं."

"म्हणून तर. मी उद्या परत घेईन." आणि कुणाला तरी "ए, पाटी दाखव" म्हणून ओरडत तिनं फोन ठेवला.

कुलर चालू होता. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. तिनं पुढं येऊन कुलर बंद केला, म्हणजे खोलीत आवाज राहू नये. मी डोळे मिटले. दात आवळलेलेच होते. त्याचं नाव घेतलं. ते तोंडातून बाहेर आलं खरं, टरफलासारखं, जिभेला टोचत. त्याच्यापुढं काय म्हणायचं ते सापडेना. बायको शेजारी येऊन बसली आणि तिनंही डोळे मिटले. घामाचा एक थेंब माझ्या कानामागून उतरला. आम्ही दोघं त्या उकाड्यात तसेच बसून राहिलो, पुढच्या शब्दाची वाट बघत.